हादऱ्यांचा आकडा

“आकडा सांग,” भावोजी म्हणाले.

मंदाताईने पुढे वाकायचा प्रयत्न केला, मग तो सोडून नुसती मान लांब केली आणि डॅशबोर्डवर चिकटवलेल्या, हादरे मोजायच्या डबीकडे पाहिलं. “सदतीस.”

“आणि आता?”

तेवढ्यात गाडीला मागून ढुशी बसली. ताईने सीटची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. तिच्या मांडीवरचा चिवड्याचा डबा खाली गेला आणि पोहे पायाशी पसरले.

“मंदा, आकडा.”

“बावन्न.”

“पुलाचा सांधा होता. तो धरायचा नाही,” भावोजी म्हणाले आणि आरशातून माझ्याकडे समाधानाने बघितलं. “शरयू, तुला सांगतो, फेब्रुवारीत हीच गाडी साध्या रस्त्यावर साठ दाखवायची.”

मी मागच्या सीटवर होते. तो सांधा त्यांनी धरला नसला तरी माझ्या कमरेने धरला होता. मी म्हणाले, “फारच सुधारणा आहे.”

“आहेच,” ते म्हणाले. त्यांना टोमणा कळला नाही. टोमणा मोजायची डबी अजून निघालेली नाही.

याला आता पंधराएक वर्षं झाली. मी कराडच्या मुलींच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते आणि माझी मोठी बहीण मंदाकिनी हिने फोन करकरून मला अमेरिकेत बोलावून घेतलं होतं. “ये गं, माझ्याबरोबर थोडी हिंड,” म्हणाली. हिंडायचं कशातून, ते मला विमानतळाबाहेर आल्यावर दिसलं.

पुढे एक दांडगा पिकअप ट्रक. त्याच्या उघड्या हौद्यात लोखंडी जबडा बसवलेला. त्या जबड्यात मागच्या ट्रेलरची जाड पिन अडकवलेली, त्यामुळे ट्रेलरचं पुढचं नाक थेट ट्रकच्या पाठीवर टेकलेलं. आणि ट्रेलर म्हणजे अख्खं घर. झोपायची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, दिवाणखान्यात खोटी शेकोटीसुद्धा. हे सगळं सात-आठ टनांचं धूड ओढत माझे भावोजी, दिगंबर हुपरीकर, ॲरिझोनाच्या वाळवंटात फिरत होते. चालू गाडीत मागच्या घरात बसायची परवानगी नव्हती. बसायचं ट्रकमध्येच, आणि घराचे धक्के खायचे.

ते धक्केही विचित्र. रस्ता सिमेंटचा, त्याला ठरावीक अंतरावर सांधे. सांधा आला की आधी ट्रक उडायचा, मग घर उडायचं, आणि खाली येताना घर ट्रकला पुढे ढकलायचं. पुढे, मागे, पुढे, मागे, दिवसभर. गच्च भरलेल्या एसटीत शेवटच्या बाकावर बसून मी महाबळेश्वरचा घाट चढलेली बाई. पण त्या घाटाला शेवट असतो.

भावोजी यंत्रांचे इंजिनियर. न्यू जर्सीत लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत त्यांची सगळी नोकरी झाली. धावत्या लिफ्टच्या जमिनीवर नाणं उभं करून ठेवायचं आणि ते पडू द्यायचं नाही, हे त्यांचं काम होतं. त्या नाण्याची त्यांनी आयुष्यभर मनापासून काळजी घेतली, एवढं मी मान्य करते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घर विकून हे चालतं घर घेतलं. ताईला विचारलं होतं का, असं मी एकदा तिला विचारलं. ती म्हणाली, “विचारलं की. म्हणाले, मंदा, आपण घर विकतोय.”

त्यांचा मुलगा पराग शिकागोत होता. आईबाबा मजेत फिरतायत, असं तो सगळ्यांना सांगायचा. फोटोंवरून तसंच वाटायचं.

त्या दिवशी दुपारी आम्ही अशा गाड्यांसाठी असलेल्या एका तळावर थांबलो. गाडी उभी राहिल्याबरोबर भावोजींनी अंगात निळा डगला चढवला आणि ते ट्रेलरखाली शिरले. ताई मात्र ट्रकमधून उतरेना.

“काय गं?”

“काही नाही. जरा बसते. लगेच उतरलं की पाय धरतात.”

मी तिला हात दिला. ती आधी एक पाय, मग दुसरा, मग कंबर, अशी हप्त्याहप्त्याने खाली आली. तिच्या सैल सदऱ्याखाली हाताला काहीतरी टणक लागलं. कमरेपासून छातीपर्यंत पट्टा बांधलेला होता.

“हे काय आहे, ताई?”

“पट्टा आहे. सगळेच बांधतात इथे.”

“सगळे म्हणजे कोण?”

“शरू, चहा टाक,” ती म्हणाली. लहानपणापासून तिला विषय बदलायचा असला की ती मला कामाला लावते.

मी चहा केला. खिडकीतून भावोजींचे बूट तेवढे दिसत होते. मधूनच आवाज यायचा, “मंदा, सतरा नंबरचा पाना.” ताई उठायला लागली, तशी मी तिला खाली बसवलं आणि पाना नेऊन दिला.

“भावोजी, ताईची तब्येत बरी दिसत नाही.”

“हो ना,” गाडीखालून आवाज आला. “म्हणूनच हे चाललंय. इकडे ये, दाखवतो.”

मला वाटलं, ते बाहेर येतील. ते आले नाहीत. मीच वाकले. त्यांनी बोटाने एकेक दाखवायला सुरुवात केली. चाकांच्या वरचे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या कमानी, पूर्वी एकमेकींना लोखंडानेच जोडलेल्या होत्या. तिथे त्यांनी रबर घातलं. प्रत्येक चाकाला शॉक ॲबसॉर्बर बसवले. पुढे जिथे घर ट्रकच्या जबड्यात अडकतं, तिथे हवेची उशी असलेला नवा सांगाडा घातला. टायरमधली हवा वजनाप्रमाणे ठरवली. ते बोलत होते आणि खरं सांगायचं तर छान समजावत होते. आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला असा माणूस मिळाला असता तर आम्ही सोडला नसता.

“म्हणजे पुढची गाडी आणि मागची गाडी एकमेकींशी भांडत होत्या,” ते म्हणाले. “मी त्यांची समजूत घातली.”

“आणि माणसांची?”

“माणसांना आपोआप बरं वाटतं. आकडा खाली आला की.”

रात्रीच्या जेवणाची वाट न बघता मी संध्याकाळी चहाच्या वेळीच विषय पुन्हा काढला. ताई भाजी चिरत होती, उभ्यानेच, कारण बसलं की उठणं आलं.

“भावोजी, तुम्ही त्या डबीला विचारता. एकदा ताईला विचारून बघा ना, कसं वाटतंय.”

ते हसले. वाईट हसणं नव्हतं. वर्गात एखाद्या मुलाने भाबडी शंका काढली की मास्तर हसतात, तसं. “अगं, तिला मोजायची सवय नाही. ती म्हणणार, ‘बरं आहे’ किंवा ‘बरं नाही’. त्यावरून इंजिनियरने काय करायचं? कुठल्या दिशेला बरं नाही? खाली-वर की पुढे-मागे?”

“मंदाताई,” मी म्हणाले, “सांग त्यांना. खाली-वर की पुढे-मागे?”

ताईने भाजीवरून नजर उचलली नाही. “मीठ जरा कमीच घालते,” ती म्हणाली. “यांचं ब्लडप्रेशर आहे.”

मला तेव्हा तिचाही राग आला. इतकी वर्षं परदेशात राहून, गाडी चालवून, ग्रंथालयात नोकरी करून ही बाई अजून मिठाच्या मागे लपते. मी ताटं मांडली आणि दोघांशीही बोलले नाही. भावोजींना त्यातलं काही कळलं नाही. जेवताना ते म्हणाले, “उद्या वजन करू. माझी खात्री आहे, आता दोष वजनात आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही न्यू मेक्सिकोत शिरलो. गॅलप गावाच्या अलीकडे ट्रकवाल्यांचा एक मोठा थांबा होता: पेट्रोलपंप, खाणावळ, बसचा थांबा आणि ट्रक तोलायचा वजनकाटा. भावोजींनी गाडी काट्यावर घेतली. आत जाऊन वजन विचारून आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता.

“बघ, मी म्हटलं नव्हतं? घराचं पुढचं नाक फार जड झालंय. सगळा भार ट्रकच्या पाठीवर पडतोय. हवेची उशी पार दबून बसलीये, मग ती झेलणार काय?”

त्यांचं बरोबर होतं. त्यांचं नेहमी बरोबरच असायचं, ती तर खरी अडचण.

त्यांनी गाडी एका कडेला लावली आणि ट्रेलरच्या पुढच्या पोटाचा कप्पा उघडला. सामान बाहेर यायला लागलं. ताईची शिवणाची मशीन, जुनी, लोखंडी. तिचा इडलीच्या पिठाचा दगडी ग्राइंडर. पितळेची मोठी परात आणि पातेली. ग्रंथालय सोडताना तिथल्या लोकांनी भेट दिलेली पुस्तकं, दोन खोकी. सिमेंटवर ओळीने सगळं मांडलं गेलं. येणारेजाणारे ट्रकवाले बघत होते. आम्ही दुकान लावलंय असं त्यांना वाटलं असेल.

कप्प्यात अजून तीन पेट्या होत्या. मी त्यातली एक ओढायचा प्रयत्न केला, जागची हलेना.

“ती राहू दे,” भावोजी म्हणाले. “त्यात हत्यारं आहेत.”

“आणि या दोन?”

“जुने पार्ट. काढलेले.”

“म्हणजे हादरे कमी करायला जे जे काढलं, ते तुम्ही बरोबर घेऊन फिरताय?”

“नवीन बिघडला तर जुना लागेल ना, शरयू.”

मी ताईकडे पाहिलं. ती ट्रकच्या दाराला टेकून उभी होती आणि आपल्या मशीनकडे बघत होती. त्या मशीनवर तिने परागचे लहानपणचे सगळे कपडे शिवले होते. त्या क्षणी ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, “हे सगळं कुठे ठेवणार?”

“समोर चर्चचं दुकान आहे. जुनं सामान घेतात. कुणाच्या तरी उपयोगी पडेल,” भावोजी म्हणाले. मग ते मनाशी आकडेमोड करायला लागले. ओठ हलत होते. “एवढं काढून बराच फरक पडेल. पण अजून थोडं कमी व्हायला हवं. साधारण एका माणसाएवढं.”

“त्या वजनात मला धरलंय का?” ताईने विचारलं.

“अर्थात. ट्रकमधली माणसं धरावीच लागतात.”

“मग मला वजा करा.”

भावोजी हसले. चांगला विनोद झाला, असं त्यांना वाटलं. ताईने ट्रकच्या सीटवरून आपली पर्स घेतली, डोळ्यांवर गॉगल लावला आणि ती खाणावळीकडे चालायला लागली. हळू, एका हाताने कंबर धरून, पण मागे न बघता.

“तिला भूक लागली असेल,” भावोजी मला म्हणाले. “तू जा बरोबर. मी सामान पोचवून परत तोलून येतो.”

ताई खिडकीपासून लांबच्या टेबलाशी बसली होती. मी समोर बसले. तिने दोन कॉफी सांगितल्या. बाईने कॉफी आणून ठेवली.

“खरंच नाही जाणार?” मी विचारलं.

“नाही.”

“मग आधी का नाही बोललीस? काल मी एवढं विचारत होते, तर मीठ.”

“काल तू त्यांना हरवायला बघत होतीस, शरू. मला त्यांना हरवायचं नव्हतं.” तिने कपाभोवती हात धरले. “फेब्रुवारीत मला डॉक्टरांनी सांगितलंय. हाडं ठिसूळ झालीयेत. पाठीचा एक मणका दबलाय, दुसरा त्या वाटेवर आहे. म्हणाले, हादरे अजिबात बसता कामा नयेत.”

“आणि भावोजींना तू हे सांगितलंच नाहीस?”

“ते माझ्या शेजारीच बसले होते की.”

मी कप खाली ठेवला.

“त्यांनी डॉक्टरांना विचारलं, किती हादरा चालेल, आकडा सांगा. डॉक्टर म्हणाले, आकडा कसला, प्रवास थांबवा. घरी येईपर्यंत हे गप्प होते. मला वाटलं, वाईट वाटलंय. दुसऱ्या दिवशी ती हवेची उशी मागवली.”

म्हणजे तो सगळा खटाटोप तिच्यासाठी होता. ते रबर, ते शॉक ॲबसॉर्बर, ती डबी, दर दुपारी गाडीखाली घालवलेले ते तास. मी आल्यापासून समजत होते की या माणसाला बायको दिसतच नाही. तसं नव्हतं. त्याने सगळं नीट ऐकलं होतं. बायकोचा मणका मोडतोय हे कळल्यावर त्याने प्रवास सोडून बाकी सगळं बदललं होतं. हे ऐकून माझा राग खरं तर उतरायला हवा होता. तो उतरला नाही. उलट आधी मला त्यांची कीव तरी यायची, तीही गेली.

“मला आधी बरंच वाटलं,” ताई सांगत होती. “म्हटलं, माझ्यासाठी करतायत. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यासाठी इतका वेळ जमिनीवर पडून राहिलंय. तेवढ्यावर मी चार-पाच महिने काढले. मग मागच्या महिन्यात एक दिवस सकाळी मला उठताच येईना. मी म्हटलं, अहो, मला उठता येत नाहीये. तर म्हणाले, असं कसं होईल? काल तर आकडा छत्तीस होता.”

ती हसली. मला हसू आलं नाही.

“त्या दिवसापासून मी तुला फोन करत सुटले. म्हटलं, ये. एकटीने उतरायचा धीर झाला नसता.”

भावोजी आत आले. हात काळे, कपाळावर घाम, चेहरा प्रसन्न. “मंदा, जमलं. मी एक पेटीसुद्धा मागे सरकवली. आता वजन बरोब्बर आहे. निम्मा हादरा गेला म्हणून समज. चल.”

“मी येत नाही.”

“कॉफी संपव, मग चल.”

“अहो, मी गाडीतून येत नाही. आत्ता नाही आणि उद्याही नाही. अल्बुकर्कीला बस जाते. तिथे दवाखाना आहे. तिथून परागकडे जाईन.”

ते खुर्ची ओढून बसले. पहिल्यांदा मला त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला. “पण बसलासुद्धा हादरे असतात,” ते म्हणाले.

“असू देत.”

“मी हे सगळं कुणासाठी करतोय?”

“माझ्यासाठी. मला माहितीये. म्हणून तर इतके दिवस बसले.”

“मग आता काय झालं? आता तर सुधारलीये.”

ताईने टेबलावरचे त्यांचे काळे हात पाहिले. पर्समधून कागदी रुमाल काढून तिने त्यांच्यापुढे ठेवला. “आता नाही बसणार,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “तुम्ही जा. जपून चालवा. गोळ्या स्वयंपाकघरात उजव्या कप्प्यात आहेत.”

 ते तिचा हात धरतील, म्हणतील की गाडी इथेच सोडू, मीही बसने येतो, असं मला वाटत होतं. अगदी साधी गोष्ट होती. रस्त्यावरचा कुठलाही अडाणी नवरा ती करेल. भावोजींनी हात पुसले, उठले आणि म्हणाले, “बरं. पुढच्या टप्प्याचा आकडा कळवतो.”

खिडकीतून आम्ही ते धूड रस्त्याला लागताना पाहिलं. मघाच्या वळणावर ते डुगडुगलं होतं, आता अजिबात डुगडुगलं नाही. ताईच्या वस्तू सोडून, ताईला सोडून, ते पाण्यावरच्या होडीसारखं गेलं.

अल्बुकर्कीच्या दवाखान्यात दुसरा मणकाही दबलेला निघाला. आणखी थोडे दिवस तसेच गेले असते तर पायांची ताकद जायची शक्यता होती, असं तिथली डॉक्टरीण म्हणाली. पराग विमानाने आला. आईबाबा मजेत आहेत असं सांगणारा मुलगा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. त्याच्या घराजवळ तळमजल्यावर ताईने दोन खोल्या घेतल्या. मी व्हिसा होता तोवर राहिले. वर्षभराने तिचा पट्टा सुटला. आता ती ऐंशीच्या घरात आहे, रोज तळ्याला फेरी मारते आणि पुन्हा ग्रंथालयात जाते, पगाराशिवाय.

भावोजी फिरत राहिले. रविवारी तिला फोन करायचे, कुठे आहेत ते सांगायचे आणि आकडा सांगायचे. तीस. अठ्ठावीस. एकदा चोवीस. ती म्हणायची, “छान.” ओळखीतले लोक मला सांगायचे, किती समजूतदार जोडपं, एकमेकांच्या आवडी सांभाळून राहतात. मी त्यांना काही सांगितलं नाही. लोकांना जोडपी समजूतदारच हवी असतात.

दीड-दोन वर्षांनी एक दिवस भावोजींचा फोन मला, कराडला आला. ते मला कधी फोन करत नसत.

“शरयू, तू खरं सांग. मंदा तुझ्याशी बोलते. तिला गाडीत नक्की काय त्रास होत होता?”

“तिलाच विचारा.”

“ती म्हणते, जाऊ द्या.”

“तुम्ही विचारलंत कसं?”

 दूर कुठेतरी वारा वाहत असावा, तो फोनमध्ये घुमत होता. मला वाटलं, आता हा माणूस रडेल. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याला काहीतरी बरं बोलायची तयारी केली.

“मी विचार करत होतो,” ते म्हणाले, “तिच्या बाजूची सीट बदलली तर?”

मी फोन ठेवला.